थांबा, भावना आली

निबंध तपासायला बसले की वाघमोडे सर आधी चष्मा काढायचे. नुसता काढून टेबलावर ठेवायचे नाहीत. डबीत घालायचे, डबी स्टाफरूमच्या कपाटात ठेवायचे, कपाटाला कुलूप लावायचे आणि किल्ली माझ्या हातात द्यायचे. चष्मा जवळचा. तो नसला की सरांना मैदानापलीकडचं लिंबाचं झाड स्वच्छ दिसायचं, पण हातातला कागद दिसायचा नाही. बाकीचे मास्तर पेपर तपासायला चष्मा घालतात, आमचे सर तेवढ्यासाठीच तो काढायचे.

मग मी निबंध मोठ्यानं वाचायचा आणि सरांनी डोळे मिटून ऐकायचा. निबंध संपला की सर बोटं वर करायचे. पाच बोटं म्हणजे दहापैकी पाच मार्क. एखादं बोट अर्धं दुमडलेलं असेल तर अर्धा मार्क. बोट किती दुमडलंय यावरून पाव मार्कही ठरायचा, पण ते ओळखायला मला दोन वर्षं लागली.

मी कदम. येडशीच्या एका शाळेत पी.टी. शिकवतो. मराठीशी माझा संबंध 'सावधान' आणि 'विश्राम' एवढ्यापुरताच. तरी गेली अकरा वर्षं आठवी ते दहावीचा एकूण एक निबंध माझ्या तोंडून गेलाय. माझ्या आधी हे काम शाळेतले एक लेखनिक करायचे. ते निवृत्त झाले तेव्हा सरांनी सगळ्या स्टाफकडून एकेक उतारा वाचून घेतला. इंग्रजीच्या बाई फार लाडात वाचतात म्हणून बाद. इतिहासाचे सर लोणच्याची कृतीसुद्धा लढाईसारखी वाचतात म्हणून बाद. माझं वाचन ऐकून मात्र सर खुर्चीतून उठून उभे राहिले.

"कदम सर, तुमच्या आवाजात भावनाच न्हाय वो! इतकी वर्सं कुठं व्हता?"

इतकं मनापासून माझं कौतुक घरीसुद्धा कधी झालेलं नाही.

सर वर्गात पुस्तकातलं मराठी बोलायचे. वर्गाबाहेर पाऊल पडलं की धाराशिवचं सुरू. चष्म्याचं कारण त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "अक्षर लई दगाबाज असतंय. गोल गोल अक्षर दिसलं की हात आपसूक सात लिवतो. मंजी म्या मार्क कुणाला दिले? शाईला. निबंध राहिला बाजूला. आपल्याला मुर्वत करायची न्हाय. इन्साफ झाला पाहिजे."

हा इन्साफ दिवसातून वीसदा यायचा. पोरं त्यांना मागून 'इन्साफ सर' म्हणायची, आणि सरांना ते ठाऊक होतं. नाव ठेवणाऱ्यांनी नाव बरोबर ठेवलंय असं त्यांचं मत होतं.

माझ्या आवाजात कधीतरी गडबड व्हायची. एका पोरीनं लिहिलं होतं की घरची म्हातारी शेळी बाजारात विकली, आणि नेताना ती दावणीकडं वळून बघत होती. मी पडलो शेतकऱ्याच्या घरचा, शेळ्यांत वाढलेला. आवाज जरा हलला. सरांनी डोळे न उघडताच हात वर केला.

"थांबा. भावना आली. परत."

मी परत वाचलं. शेळी परत वळली, आवाज परत हलला. "परत." चौथ्यांदा मी ती शेळी अशी वाचली, जशी रेल्वे स्टेशनवर गाडी उशिरा असल्याची सूचना वाचतात. तेव्हा सरांनी सात बोटं दाखवली. सरांच्या हिशेबात सात म्हणजे डोक्यावरून पाणी. आठच्या वर त्यांनी जन्मात कुणाला दिले नव्हते.

नावं तर पेपरवर दिसायचीच नाहीत. पेपर सुरू व्हायच्या आधी सर वर्गात खळीचा डबा घेऊन फिरायचे आणि प्रत्येकाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवायचे. त्याचं कारण जुनं होतं. सरांचे वडील मेंढरं राखायचे. गावच्या शाळेत मास्तर वहीवरचं 'वाघमोडे' वाचायचे आणि आतलं पान न उघडताच 'तीन' लिहायचे. "चार वर्सं म्या तीनच मिळवले. एकदा तर वही कोरीच दिली. तीन!" हे सांगताना सर हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही.

मार्क ठरले की पट्ट्या निघायच्या. मग निबंधात लिहिलंय ते खरं की खोटं, हे बघायला सर स्वतः जायचे. शनिवारी शाळा सुटली की सायकल काढायची आणि चौकशीला निघायचं. आता हल्ली पोरं निबंध कुठं लिहितात? गाइड लिहितं, पोरं उतरवतात. त्यामुळं वर्गातल्या साठही जणांची आई पहाटे पाचला उठायची आणि साठही आजोबा स्वातंत्र्यासाठी तुरुंगात जाऊन आलेले असायचे. एका पोरानं 'माझे आजोबा' मध्ये आजोबांना शेवटच्या परिच्छेदात मारून टाकलं, कारण गाइडातले आजोबा तिथंच वारतात. सर सायकलवरून गेले, तर आजोबा हॉटेलात बाकड्यावर भजी खात बसलेले.

सर म्हणाले, "तुमी गेल्या साली वारलात, असं माझ्याकडं लिवून आलंय."

आजोबांनी भजं खाली ठेवलं. "व्हय? मला कुणी सांगितलं न्हाय."

त्या पोराच्या पेपरवर लाल शाईत शेरा पडला : 'अतिशयोक्ती.' अर्धा मार्क वजा. सरांचा हा शेरा शाळेत प्रसिद्ध होता. तो बसला की अपील नाही.

एकदा रामलिंगाच्या देवळाकडची माकडं शाळेत शिरली आणि आठवी ब चा गठ्ठा घेऊन लिंबावर चढली. पेपर परत मिळाले, पण तिघांचे फाटून गेले होते. कुठल्याही शहाण्या मास्तरानं तिघांना पाच पाच दिले असते आणि चहा प्यायला असता. सर म्हणाले, न बघता पाच देणं म्हणजे न बघता तीन देण्यासारखंच. बरं, मग तिघांची परत परीक्षा घ्या. तर नाही. तिघांना दुसरी संधी आणि बाकीच्यांना एकच, हा कुठला इन्साफ? शेवटी सगळ्या आठवी ब नं निबंध परत लिहिला. मी परत वाचला. त्या आठवड्यात मी माकडांना जे बोललो ते पी.टी.च्या मास्तराला शोभणारं नव्हतं.

आमच्या हेडमास्तरांना मात्र या सगळ्याचा घोर. अंतर्गत गुण शाळेच्या हातात असतात, आणि ते सगळ्यांना वीसपैकी वीस द्यायचे, अशी सगळीकडची रीत. पोरगं वर्षभर गैरहजर असलं तरी त्याला वीस. सर साडेअकरा द्यायचे. संस्थेच्या अध्यक्षांच्या नातवाला एकदा निबंधात दहापैकी साडेपाच पडले. हेडमास्तर घामाघूम होऊन आले. "वाघमोडे सर, जरा फेरतपासणी करा की."

"करतो," म्हणून सरांनी लगेच चष्मा काढला. मी निबंध परत वाचला. सरांनी बोटं दाखवली. सव्वापाच.

तिसऱ्यांदा तपासायला सांगायची हिंमत हेडमास्तरांना झाली नाही. त्यांनी रजिस्टर ऑफिसात मागवून घेतलं आणि तिथल्या तिथं सगळ्या वर्गाला वीस केले. निकाल लागला शंभर टक्के. फाटकावर त्याचा फ्लेक्स लागला. सर रोज त्याच्याखालून सायकल हातात धरून, मान खाली घालून यायचे.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती पुढं लागणार आहे. बोर्डाचे पेपर तपासणाऱ्याकडून एक हमीपत्र घेतात की माझा कुणी जवळचा नातेवाईक या परीक्षेला बसलेला नाही. सर हे हमीपत्र आठवीच्या घटक चाचणीलाही द्यायचे, कुणी न मागता. 'माझ्या साडूच्या पुतण्याची मुलगी आठवी अ मध्ये आहे. सबब तिचा पेपर अन्य शिक्षकाकडे द्यावा.' हेडमास्तरांनी वैतागून तो पेपर माझ्याकडं दिला. मी नऊ मार्क दिले.

सर हादरले. "नऊ? कशाचे नऊ?"

"खो-खो चांगली खेळते."

पुढचे चार दिवस सर माझ्याशी बोलले नाहीत.

सरांच्या घरी मी अधूनमधून जायचो. स्टेशनापासून पाच मिनिटांवर घर. काकू चहा टाकायच्या. मुलगी एकच, अश्विनी, ती पुण्याला नोकरीला. दर रविवारी तिचा काकूंना फोन यायचा. अर्धा तास दोघी बोलायच्या. मग काकू फोन सरांकडं द्यायच्या. सर म्हणायचे, "जेवलीस का?" पलीकडून उत्तर यायचं. सर म्हणायचे, "बरं." आणि फोन परत काकूंकडं. मला वाटायचं, असेल बाबा माणूस अबोल. पण हाच माणूस शाळेत अनुस्वारावर तासभर बोलायचा.

गेल्या महिन्यात सरांचा निवृत्तीचा आठवडा आला. शेवटची चाचणी झाली. मी शेवटचा निबंध वाचला, सरांनी पावणेपाच बोटं दाखवली आणि मी गठ्ठ्याला सुतळी बांधली. कपाटाची किल्ली द्यायला गेलो, तर सर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. अजून एक हाय."

त्यांनी पिशवीतून एक पेपर काढला. पिवळा पडलेला, घड्यांवर चिरलेला. नावावर पट्टी तशीच. त्याला टाचणीनं एक कोरा करकरीत कागद लावलेला. त्यावर सरांच्या अक्षरात त्याच दिवशीची तारीख होती आणि खाली लिहिलं होतं :

'या पेपरची विद्यार्थिनी माझी सख्खी मुलगी आहे. सबब मी हा पेपर तपासण्यास अपात्र आहे. पेपर अन्य शिक्षकाकडे द्यावा.'

"वाचा," सर म्हणाले. "आन मार्क बी तुमीच द्या. माझा हक या महिन्यापुरता हाय. नंतर लाल पेनाला हात लावायचा अधिकार न्हाय."

विषय होता 'मी वाट पाहिली तेव्हा'. आठवीतल्या पोरीचं गोल, टपोरं अक्षर. मी नेहमीसारखा वाचायला लागलो.

'बाबा बोर्डाचे पेपर आणायला गेले होते. आई म्हणाली, गाडीला उशीर आहे, घरीच बस. पण मी स्टेशनवर जाऊन बसले. मी फलाटावरच्या फरश्या मोजल्या. मग उलट्या बाजूने मोजल्या. दोन्हीकडून सारख्या आल्या. मग गाडी आली. बाबा उतरले. त्यांच्या दोन्ही हातांत पेपरांचे गठ्ठे होते, म्हणून मला त्यांचा हात धरता आला नाही. मी एका गठ्ठ्याची सुतळी धरली आणि चालू लागले. बाबा म्हणाले, सुतळी ओढू नकोस, गठ्ठा सुटेल. मग मी सुतळी सोडली आणि त्यांच्या मागून घरी आले.'

शेवटच्या दोन वाक्यांना माझा आवाज गेला. चांगलाच गेला. मी थांबलो आणि सरांच्या 'परत' ची वाट बघितली. सरांनी हात वर केला नाही. डोळे मिटून तसेच बसून राहिले.

निबंधाखाली जुन्या लाल शाईत साडेतीन मार्क होते. बाजूला शेरा होता : 'अतिशयोक्ती.'

"सर, हे खोटं होतं का?"

"न्हाय. जलमभर पोरांच्या निबंधांची चौकशी करत हिंडलो. ह्यो एकच निबंध असा की त्याचा साक्षीदार म्या सोता व्हतो."

मग सरांनी सांगितलं. तेव्हा शाळेत मराठीचा मास्तर ते एकटेच होते. पट्टी लावलेली होती, पण अक्षर कसं झाकणार? ते त्यांनीच तिच्याकडून पाटीवर गिरवून घेतलेलं. तालुक्याच्या स्पर्धेला शाळेतून एकच निबंध जायचा होता, आणि हाच सगळ्यांत चांगला होता. "म्हणलं, गाव काय म्हणंल? मास्तरनं सोताचीच पोरगी पुढं केली. मुर्वत करायची न्हाय म्हणून साडेतीन दिले. दुसऱ्याचा निबंध पाठवला. घरी आल्यावर तिनं इचारलं, बाबा, साडेतीन का? म्या म्हणलं, अतिशयोक्ती हाय. तवापासून धावीपतुर ती गाइडातले निबंध पाठ करून लिवायची. माझ्याच वर्गात, माझ्यासमोर बसून. म्या दरवेळी तीन द्यायचो. ती घ्यायची." सरांनी डोळे पुसले. "आन तवापासून म्या चष्मा काढतो."

अकरा वर्षं मी त्या चष्म्यावरून स्टाफरूममध्ये नकला केल्या होत्या. मला स्वतःची लाज वाटली, हे इथं सांगून टाकतो.

मार्क द्यायचे होते. मी पेपर खाली ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा बोटं वर केली. एका हाताची पुरली नाहीत, दुसरा हातही वर करावा लागला. चष्मा नव्हता, पण एवढ्या लांबचं सरांना दिसत होतं.

"पुन्यांदा नऊ?" सर म्हणाले. "का ही बी खो-खो चांगली खेळायची?"

"नाही सर. हे निबंधाचे."

"मग एक कशाचा कापला?" इन्साफ सर जागे झाले.

मला काहीतरी कारण देणं भागच होतं. मी म्हणालो, "पोरीनं हाक मारायला पाहिजे होती. नुसती सुतळी धरून काय होतंय?"

सर खिडकीकडं वळले. मग म्हणाले, "बापानं बी मारली न्हाय."

"बापाचे मार्क तुम्ही मला विचारलेले नाहीत."

मी साडेतीनवर काट मारली, शेजारी नऊ लिहिले, खाली सही केली. सरांना फोनवर फोटो पाठवता येत नाही. मीच त्यांच्या फोनवरून हमीपत्राचा आणि पेपरचा फोटो काढला आणि अश्विनीला पाठवला. सर पाठ करून खिडकीशी उभे राहिले. शाळा सुटायच्या घंटेपर्यंत उत्तर नाही. पोरं फाटकाबाहेर गेली, तेव्हा फोन वाजला. मी वाचून दाखवलं.

'एक मार्क कुठे गेला?'

सरांनी गर्रकन मागं वळून माझ्याकडं पाहिलं. पोरगी कुणाची आहे, हे सांगायला आता पट्टी काढायची गरज नव्हती. सर म्हणाले, "लिवा. फेरतपासणी मिळंल. पर उमेदवारानं सोता हजर ऱ्हायला पाहिजे."

मी लिहिलं. उत्तर आलं, 'रविवारी सकाळच्या गाडीने येते.'

शनिवारी शाळा सुटल्यावर सर मैदानावर माझ्याकडं आले. पोरं गेलेली आहेत ना, हे आधी नीट पाहून घेतलं. मग हळूच म्हणाले, "कदम सर, मोठ्यानं हाक मारायची कशी असती?"

मी त्यांना शिकवलं. छाती पुढं, दम पोटातून, नजर समोर. सरांनी लिंबाच्या झाडाकडं तोंड करून दोनदा "अश्विनी!" म्हणून पाहिलं. पहिल्यांदा आवाजच निघाला नाही. दुसऱ्यांदा झाडावरचे कावळे उडाले. मी दहापैकी सहा दिले. सर म्हणाले, बरोबर आहेत.

रविवारी मला बरोबर चला म्हणाले, म्हणून मी स्टेशनवर गेलो. सर आधीच येऊन उभे होते. धुतलेला सदरा, डोळ्यांवर चष्मा, हातात काही नाही. पिशवीसुद्धा नाही. मोकळ्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. खिशात घालायचे, काढायचे, मागं बांधायचे, सोडायचे. गाडी दिसली आणि सर मला घट्ट धरून उभे राहिले.

गाडी धड थांबलीही नव्हती, डब्याच्या दारात ती दिसली, आणि सरांनी हाक मारली. मी शिकवलेलं सगळं विसरले. छाती पुढं नाही, दम पोटातून नाही. आवाज मधेच फाटला. सगळा फलाट वळून बघायला लागला. भावना आली होती. मी 'परत' म्हणालो नाही.

अश्विनी खाली उतरली. दोन्ही हातांत दोन बॅगा होत्या. ती सरांसमोर येऊन थांबली, शेजारी मला पाहिलं, आणि ओळख ना पाळख, दोन्ही बॅगा माझ्याकडं दिल्या. तिला हात मोकळे पाहिजे होते.